बैलाच्या खांद्यावर नेमके किती किलो?

गळीत हंगाम सुरू झाला की राहाता तालुक्यात लोणी, बाभळेश्वर, गणेशनगरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाची वाहने दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, शिगोशिग भरलेले ट्रक आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या टायरच्या बैलगाड्या. सहकारी साखर कारखानदारीचा जन्मच या मातीतला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरेच्या कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले. आज त्याच शेतकऱ्यांची नातवंडे-पणतवंडे अकरावी-बारावीच्या क्लासला जाताना या बैलगाड्यांना ओलांडून जातात आणि वर्गात बसून ‘स्टॅटिक इक्विलिब्रियम’ची, म्हणजे स्थितिक संतुलनाची, गणिते सोडवतात. रस्त्यावर जे पाहिले आणि वहीत जे लिहिले ते एकच आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आपण या विषयातला सर्वांत मोलाचा भाग शिकवायचाच सोडून दिला आहे, असे माझे मत आहे, आणि त्याची किंमत केवळ परीक्षेतल्या गुणांची नाही.

विषय तसा दोन ओळींचा. एखादी वस्तू जागच्या जागी स्थिर असेल, तर तिच्यावर लागणाऱ्या सर्व बलांची बेरीज शून्य असते, आणि कोणताही बिंदू धरला तरी त्याभोवतीच्या आघूर्णांची बेरीजही शून्य असते. आघूर्ण म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेचे लंबांतर. लांब दांड्याच्या पान्याने चाकाचा घट्ट नट सुटतो, आखूड पान्याने सुटत नाही, त्यामागे हेच. वर्गात याला टॉर्क म्हणतात. एवढ्या दोन अटींवर पुढे पूल, इमारती, क्रेन सगळे उभे राहते.

पण ही दोन समीकरणे लिहिण्याआधी तीन निर्णय घ्यावे लागतात. कोणती वस्तू बाजूला काढून पाहायची? तिच्यावर नेमकी कोणती बले, कुठे आणि कोणत्या दिशेने लागतात? आणि आघूर्णे कोणत्या बिंदूभोवती घ्यायची? याचे चित्र काढले की त्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. पदार्थविज्ञान या चित्रातच असते. त्यानंतरची आकडेमोड आठवीच्या मुलालाही जमेल. आणि आपण नेमके हे चित्र आयते छापून देतो किंवा वगळून टाकतो.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातले प्रसिद्ध उदाहरण घ्या. ३ मीटर लांब, २० किलोची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकली आहे, पाया भिंतीपासून १ मीटरवर. भिंत शिडीला किती बलाने ढकलते? उत्तर ३४.६ न्यूटन, म्हणजे साधारण साडेतीन किलो वजनाइतके. जमिनीवरचे घर्षणही तेवढेच, कारण आडव्या दिशेने तीच दोन बले आहेत. उत्तर जुळले, पान उलटले.

आता त्याच चित्रात एक बाण वाढवा. ६० किलोचा माणूस शिडीच्या टोकापर्यंत चढला आहे. तो नवा बाण पायापासून आडवा जवळजवळ १ मीटरवर पडतो. गणित पुन्हा मांडले की भिंतीचा रेटा साडेतीनवरून थेट पावणेपंचवीस किलोवर जातो, म्हणजे सातपट. शिडी घसरू नये म्हणून पायथ्याच्या घर्षणाला एवढे बल पुरवावे लागते. शिडी एकटी असताना जमिनीवरच्या दाबाच्या १८ टक्के घर्षण पुरत होते, आता ३१ टक्के लागते. फरशी ओली असेल, खाली पाचट किंवा चिखल असेल, तर ते मिळेलच असे नाही. ‘मघापासून उभी आहे की, हलत नाही’ हा शिडीबद्दलचा दाखला म्हणूनच फसवा. माणूस निम्म्यावर असेपर्यंत ती हलत नाही, वरच्या पायऱ्यांवर गेला की घसरते. शिडीचा पाया उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवावा, हा जगभर शिकवला जाणारा नियम पाळला तर हाच रेटा १७-१८ किलोवर उतरतो. पुस्तकातली शिडी या नियमापेक्षा जास्त तिरकी आहे, पण तिच्यावर कुणाला चढायचे नसल्याने तिथे चालून जाते.

आता रस्त्यावरच्या बैलगाडीकडे येऊ. दोन चाकांची गाडी म्हणजे मधोमध आसावर टेकलेली तरफ. एका टोकाला जू, म्हणजे बैलांचे खांदे, आणि वर उसाचा भार. आकडे सोयीचे धरतो. ऊस दोन टन, म्हणजे २००० किलो. आसापासून जू ३ मीटर पुढे. रिकामी गाडी बरोबर तोललेली आहे असे समजू. आता एकच प्रश्न उरतो. उसाचा गुरुत्वमध्य आसाच्या किती पुढे आहे?

२० सेंटीमीटर पुढे असेल तर आसाभोवती आघूर्णे घ्या: २००० गुणिले २०, भागिले ३००. उत्तर १३३ किलो. प्रत्येक बैलाच्या खांद्यावर ६७. मोळ्या रचताना तोच भार १० सेंटीमीटर मागे सरकवला, तर हे ओझे निम्मे होते. वीतभरापेक्षा कमी सरकवले आणि दोन बैलांच्या मानेवरचे ६७ किलो उतरले! आणखी मागे गेलात, गुरुत्वमध्य आसाच्या पलीकडे पडला, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि गळ्यातला पट्टा बैलाला आवळतो. म्हणून भार किंचित पुढे हवा, फार पुढे नको. जुने गाडीवान हे हाताने जोखतात. जू उचलून बघतात आणि दोन मोळ्या मागे टाकायला सांगतात.

हे झाले सपाट जागी. उतारावर काय होते ते फार कमी लोकांच्या लक्षात येते. उसाचा ढीग उंच असतो. त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या समजा १ मीटर वर आहे. दहा मीटरला एक मीटर असा उतार लागला की गाडी पुढे कलते आणि वरचा गुरुत्वमध्य आडवा जवळपास १० सेंटीमीटर पुढे जातो. मघाचे २० आता ३० झाले. जुवावर १३३ ऐवजी सुमारे २०० किलो. चढावर उलटे होते, ओझे ६७ किलोपर्यंत उतरते, पण तिथे ओढण्याची ताकद जास्त लागते. म्हणजे गाडी उतरताना बैल नुसते चालत असल्यासारखे दिसतात, तेव्हाच त्यांच्या खांद्यावर सर्वांत जास्त भार असतो, शिवाय गाडी मागून लोटत असते ती वेगळी. ढीग जितका उंच, तितका हा फरक मोठा. त्याच वजनाचा ऊस पसरून भरला तर कमी, उंच रचला तर जास्त. वजनकाट्यावर मात्र दोन्ही गाड्यांचा आकडा एकच येतो, आणि पैसे त्या आकड्यावर मिळतात.

खांदेसूज हा बैलांचा जुना आजार. जुवाच्या घासण्याने आणि दाबाने खांद्याची कातडी सुजते, चिघळते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा त्याच जागी जू बसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून, हळद-तूप लावून आपण त्या खांद्यांचे आभार मानतो. ते मानावेतच. पण हंगामातल्या रोजच्या फेरीत मोळ्या कुठे रचल्या आणि किती उंच रचल्या, याने त्या खांद्याचे जास्त भले होईल.

या प्रश्नाला महाराष्ट्रातल्याच विद्यार्थ्यांनी हात घातला होता. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मुलांनी बैलगाडीच्या पुढच्या बाजूला, दोन बैलांच्या मध्ये, आधाराचे तिसरे चाक बसवले. ‘सारथी’ नावाचा हा प्रकल्प २०२२ मध्ये देशभर गाजला. कल्पना सोपी: जुवावरचा भार बैलांऐवजी चाकाने जमिनीवर उतरवायचा. मला त्यातला शिकवण्यासारखा भाग आणखी एक वाटतो. दोन आधार असताना दोन समीकरणांत दोन अज्ञात सुटतात. आधार तीन झाले की समीकरणे दोनच राहतात आणि अज्ञात तीन होतात. बैलांवर किती आणि चाकावर किती, हे आता नुसत्या संतुलनाच्या नियमांनी ठरत नाही. चाक किती उंचीवर बसवले, त्याची स्प्रिंग किती कडक, रस्ता कसा, यावर ते ठरते. खड्ड्यात चाक अधांतरी राहिले तर सगळा भार क्षणभर पुन्हा बैलांवर येतो. चार पायांचे टेबल फरशीवर डुगडुगते आणि तिवई डुगडुगत नाही, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. अभियांत्रिकीत पुढे यावर स्वतंत्र विषय शिकवतात, आणि त्याची सुरुवात मात्र बैलगाडीपासून करता येते.

आता माणसाच्या पाठीकडे येतो, कारण ऊस गाडीवर आपोआप चढत नाही. तोडणीला येणारी जोडपी बहुतेक बीडकडची किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडची. हंगामाआधी मुकादमाकडून पैशाची ‘उचल’ घेतात आणि मग पाच-सहा महिने मोळ्यांची उचल करतात. भाषेनेच हा हिशेब एका शब्दात बांधून ठेवला आहे.

वाकून मोळी उचलणाऱ्या माणसाच्या कमरेपाशी, शेवटच्या मणक्याजवळच्या चकतीवर, तरफेचा टेकू आहे असे समजा. पाठीचे स्नायू त्या टेकूच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर. पुढे धड, डोके आणि हात मिळून ६० किलोच्या माणसात साधारण ३६ किलो, वाकल्यावर त्यांचा गुरुत्वमध्य समजा २५ सेंटीमीटर पुढे. हातातली २५ किलोची मोळी ४० सेंटीमीटरवर. आघूर्णे मांडा: ३६ गुणिले २५ म्हणजे ९००, २५ गुणिले ४० म्हणजे १०००. बेरीज १९००, भागिले ५. स्नायूंना ३८० किलोचा ताण द्यावा लागतो. त्यात शरीराच्या आणि मोळीच्या वजनाचा वाटा मिळवला की चकतीवरचा दाब ४०० किलोच्या वर जातो. पंचवीस किलो उचलायला चारशे किलो!

हे ढोबळ गणित आहे. खऱ्या शरीरात स्नायूंचे अनेक पदर असतात, पोटातला दाबही थोडी मदत करतो. पण आकड्याची जात हीच. अमेरिकेच्या नायोश या व्यवसाय-आरोग्य संस्थेने चकतीवरच्या दाबाची मर्यादा ३४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३५० किलो धरली आहे, आणि सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने एका वेळी २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये असे तिचे सूत्र सांगते. आपल्याकडचा तोडकरी हे दिवसातून किती वेळा करतो, ते फडावर जाऊन मोजावे.

‘पाठ ताठ ठेवा, गुडघे वाकवा, वजन अंगाशी धरा’ हा डॉक्टरांचा सल्ला याच गणितातून येतो. धडाचे अंतर २५ वरून १०, वजनाचे ४० वरून २५ केले तर स्नायूंचा ताण ३८० वरून १९७ किलोवर येतो. जवळजवळ निम्मा. पण हा सल्ला खोकी उचलणाऱ्यांसाठी आहे. उसाची मोळी माणसापेक्षा लांब असते. ती गुडघ्यांच्या मध्ये धरता येत नाही, अंगाशी पूर्ण आणता येत नाही. तिथे ज्याचा खरा उपयोग होतो ते आपल्या बायाबापड्यांना आधीपासून ठाऊक आहे: ‘जरा हात लावा.’ दोघांनी उचलली तर वाकलेल्या स्थितीतही प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा किलो येतात, आणि स्नायूंचा ताण ३८० वरून २८० वर उतरतो. एकदा मोळी डोक्यावर गेली की ती पाठीच्या कण्याच्या बरोबर वर असते. आडवे अंतर जवळपास शून्य, म्हणून आघूर्णही शून्याजवळ. मानेवर भार राहतोच, पण कमरेचा तो दहा-पंधरा पटींचा गुणाकार संपतो. धोका डोक्यावर नेण्यात कमी, डोक्यापर्यंत चढवण्यात आणि फेकून टाकण्यात जास्त. आरोग्य शिबिरांत वेदनाशामक गोळ्या वाटल्या जातात, तिथे एवढे एक चित्र काढून दाखवायला पाच मिनिटे पुरतील. घाईत, टनावर मजुरी असताना, ‘हात लावायला’ दुसरा माणूस मोकळा सापडेल का, हा प्रश्न मात्र चित्राने सुटत नाही. तो मजुरीच्या दराचा आहे आणि तिथेच सोडवावा लागेल.

परत वर्गात येतो. एमएचटी-सीईटीमध्ये भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटे. सरासरी एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा सुमारे २० टक्के. या हिशेबात बसून चित्र काढणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे क्लासमध्ये सांगितले जाते, आणि त्या परीक्षेपुरते ते खरेही आहे. मग मुले प्रश्नाचे ‘टाइप’ पाठ करतात: शिडीचा टाइप, फळीचा टाइप, लटकत्या दिव्याचा टाइप. शिडीवर माणूस चढवला, फळी तिरपी केली, की टाइप मोडतो आणि मूल थबकते. पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ‘इंजिनिअरिंग मेकॅनिक्स’ला हीच मुले अडखळतात, तेव्हा आपण म्हणतो, गणित कच्चे आहे. माझ्या मते गणित ठीक असते. त्यांनी वस्तू एकटी काढून पाहण्याचा सराव कधी केलेला नसतो.

भाषेचीही एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावीला विज्ञान इंग्रजीतून शिकू लागते. घरी त्याने ‘गाडी उलाळ झाली’ हे लहानपणापासून ऐकलेले असते. हा शब्द म्हणजे संतुलनाच्या दुसऱ्या अटीचा निकाल आहे: भाराचे आघूर्ण आसाच्या मागच्या बाजूला गेले. पण शिक्षक ‘टॉर्क’ म्हणतो आणि मुलाला वाटते, ही काही नवीनच वस्तू आहे. दोन्ही शब्द एका फळ्यावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. गाडीवानाला अनुभवाने सगळे कळते, समीकरणे कशाला? गाडीवानाला दिशा कळते, हे मान्य. मागे टाकायचे की पुढे, हे तो अचूक सांगतो. किती, हे अनुभव सांगत नाही, आणि उतारावर ओझे दीडपट होते हे तर हाताने जोखता येतच नाही, कारण जू उचलून पाहतो तो सपाट जागेवर. शिवाय अनुभव ज्याच्या खांद्याला येतो तो बोलू शकत नाही. जो गाडी उंच भरायला सांगतो त्याच्या खांद्यावर जू नसते.

म्हणून बोर्डाकडे माझी मागणी लहान आहे. संतुलनाच्या दर उदाहरणात निम्मे गुण चित्राला द्या, आणि दरवर्षी एक तरी प्रश्न असा घाला, ज्यात आकडेच नाहीत: चित्र काढा आणि काय वाढेल, काय कमी होईल, ते कारणासह लिहा. सीईटीत हे बसणार नाही. लेखी परीक्षेत सहज बसेल. तपासायला वेळ लागतो, ही तक्रार शिक्षकांकडून येईल आणि ती रास्त आहे. पण चित्र पाहून मुलाला काय कळले ते दहा सेकंदांत समजते, तीन पानी आकडेमोडीवरून ते समजत नाही.

तोपर्यंत राहात्यातल्या किंवा लोणीतल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाला हा धडा प्रयोगशाळेबाहेर घेता येईल. एक रिकामी बैलगाडी, बैल न जुंपता. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. जुवाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा. आधी रिकाम्या गाडीचे वाचन घ्यायचे. मग ५० किलोची दहा पोती आसाच्या बरोबर वर, मग सगळी ३० सेंटीमीटर पुढे. प्रत्येक वेळी काटा पाहण्याआधी मुलांनी चित्र काढून आकडा वहीत लिहायचा. जू ३ मीटरवर असेल तर पोती पुढे सरकवल्यावर वाचन ५० किलोंनी वाढायला हवे. शेवटी चाकांखाली विटा देऊन गाडी पुढे कलती करायची, म्हणजे उतार झाला. काटा आणखी काही किलोंनी चढतो. तीच पोती पसरून न ठेवता एकावर एक रचली, तर त्याहून जास्त चढतो.